उस्तादाशिवाय शिकलेली गाडी

कराडजवळच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा. कराडमध्ये एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो आणि दर पंधरवड्याला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नानीला भेटायला जातो. आता तो म्हणतो, पुण्यात मोटारसायकल चालवण्याचा दोन दिवसांचा पुढचा कोर्स आहे, मला तो करायचा आहे. अब्बांचे म्हणणे असे, "लायसन्स काढून चार वर्षं झाली. घाट तुला पाठ आहे. आता पैसे देऊन आणखी काय शिकणार? ही फजूलखर्ची आहे." भगिनी लिहितात, दोघांचेही पटते, म्हणून निर्णय होत नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. ती वाचून आम्ही या महिन्याचा ठरवलेला विषय बाजूला ठेवला. त्या लिहितात, "तो घाटात असतो तेव्हा पोहोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. कोर्स करू द्यावा. मात्र त्या कोर्सकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे घरातल्या तिघांनाही नीट माहीत असावे.

आपल्या घरांत हुनर शिकण्याची एक रीत आहे. शिवणकामाच्या दुकानात मुलगा लागला तर आधी काज-बटण करतो, मग तुरपाई, आणि कापडाला कात्री लावायला त्याला वर्ष-दोन वर्षे थांबावे लागते. गॅरेजमध्ये पोरगा पाने पुसण्यापासून सुरुवात करतो. लग्नाची देग कोणी पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या हाती देत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणी उस्ताद असतो. तो बघतो, टोकतो, पुन्हा करायला लावतो. मोटारसायकलचे मात्र असे होत नाही. ईदगाहच्या किंवा बाजाराच्या मैदानावर मामू नाहीतर चाचा मागे बसतात, "क्लच हळू सोड, घाबरू नकोस" असे चार वेळा सांगतात, आणि अर्ध्या तासाने मुलगा एकटा चक्कर मारून येतो. झाले शिक्षण. पुढे आरटीओच्या मैदानावर आठाचा आकडा काढून दाखवायचा. त्या आकड्यात तोल दिसतो, तोही चालण्याच्या वेगात. ताशी ५० च्या वेगात समोर म्हैस आडवी आली तर हा मुलगा काय करील, ते त्यात दिसत नाही. मामूंनी जे शिकवले ते गाडी चालू कशी ठेवायची एवढेच होते. गाडी थांबवायची कशी, हे त्यांनाही कोणी शिकवलेले नव्हते.

१९८१ साली अमेरिकेत प्राध्यापक हॅरी हर्ट यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलच्या ९०० अपघातांची त्यांच्या पथकाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. आज चाळीस वर्षांनंतरही या विषयावर बोलणारे लोक त्या अहवालापासून सुरुवात करतात. अपघात झालेल्या चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच्या मनाने किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. आता मुळात रस्त्यावरचे बहुतेक लोक तसेच शिकलेले असतात, म्हणून हा एकटा आकडा फार काही सिद्ध करतो असे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला त्या अहवालातील दुसऱ्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाला सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. दुसरी अशी की त्या तेवढ्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून मागचे चाक घसरवले आणि ज्या पुढच्या ब्रेकने गाडी खरोखर थांबली असती तो पुरेसा वापरलाच नाही.

दोन सेकंदांत कोणी विचार करू शकत नाही. हाताला जी सवय असेल तेच हात करतो. घाट पाठ असणे वेगळे आणि हाताला ही सवय असणे वेगळे, एवढेच आम्हाला त्या अब्बांना सांगायचे आहे.

पुढच्या ब्रेकबद्दल आपल्याकडे एक भीती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. "पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटा होशील." सायकलपासून हे वाक्य आपल्या कानावर असते. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही, पण ते अर्धेच आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला की उभे असलेले सगळे प्रवासी पुढे झुकतात. मोटारसायकलचेही तसेच होते. ब्रेक लागताच गाडीचे आणि माणसाचे वजन पुढच्या चाकावर येते, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, त्याची पकड वाढते. मागचे चाक त्याच वेळी हलके होते. म्हणजे ज्या चाकाला पकडच उरलेली नाही त्याच्यावर आपण सगळा भरवसा ठेवतो आणि ज्याची पकड वाढली आहे त्याला हात लावत नाही. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतांश काम, ढोबळ मानाने सत्तर टक्के, पुढचा ब्रेक करतो.

मग लोक पुढचा ब्रेक लावून पडतात ते कसे? ते तो एकदम आवळतात म्हणून. वजन पुढे यायला क्षणभर वेळ लागतो. त्याआधीच लिव्हर मुठीत गच्च धरला तर पुढचे चाक अडकते आणि गाडी खाली जाते. योग्य रीत अशी की लिव्हर आधी हलका दाबायचा, पुढचे शॉकअप दबल्याचे जाणवले की दाब वाढवत न्यायचा, लिंबू पिळताना वाढवतो तसा. हे सगळे एका सेकंदाच्या आत होते. हँडल सरळ, गाडी सरळ, गुडघे टाकीला आवळलेले, नजर समोर. मागचा ब्रेक सोबत, पण हलका.

आम्ही भाषा शिकवणारे असल्यामुळे एक गोष्ट मनात येते. मराठीत आपण ब्रेक "मारतो". किक मारतो, हॉर्न मारतो, कट मारतो, तसाच ब्रेकही मारतो. शब्दच असा की हात झटका देणार. घोड्याचा लगाम कोणी मारत नाही, खेचतात, तोही हिशोबाने. मुलांना शिकवताना "ब्रेक दाब" म्हणावे.

आता थोडे गणित, नववीतल्या मुलालाही करता येईल असे. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ४० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगात जवळपास १७ मीटर. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा माणूस ४० वरून साधारण १० मीटरमध्ये थांबतो, ६० वरून २३ मीटरमध्ये. बेरीज केली तर एकाला २१ मीटर लागतात, दुसऱ्याला ४०. शाळेच्या पाच वर्गखोल्या एका रांगेत ठेवल्या तर होते तेवढे हे ४० मीटर. फक्त मागच्या ब्रेकवर विसंबले तर ब्रेकचे अंतर आणखी जवळपास दुप्पट होते. याहून महत्त्वाचे म्हणजे ४० ने येणारा मुलगा ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेला असतो, त्याच ठिकाणी ६० ने येणारा अजून ताशी ५० हून जास्त वेगात असतो, कारण त्याने नुकताच कुठे ब्रेकला हात घातलेला असतो. "फक्त वीसचाच फरक आहे ना अम्मी" असे म्हणणाऱ्या मुलाकडून हे गणित कागदावर करून घ्यावे.

नव्या गाड्यांत याला यंत्राची मदत आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे. कॉम्बी ब्रेकमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना थोडा-थोडा लागतो. एबीएस चाक अडकू देत नाही. पण बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो, मागचे चाक अजूनही घसरू शकते. शिवाय एबीएस काम करू लागला की लिव्हरला थरथर जाणवते. ज्याने हे आधी अनुभवलेले नाही तो दचकून ब्रेक सोडून देतो, नेमका नको त्या वेळी. म्हणून ती थरथर एकदा मोकळ्या मैदानावर, उस्तादाच्या देखरेखीखाली अनुभवलेली असावी. एवढ्या एका कारणासाठीही कोर्सची फी आम्हाला जड वाटत नाही.

आता घाट. कुंभार्लीचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वर कोयनानगर, हेळवाक, खाली पोफळी, पावसाळ्यात धुके असे की पुढच्या ट्रकचा लाल दिवा अंगावर येईपर्यंत दिसत नाही. घाटात पडणारी मुले बहुतेक वेळा वळणात पडतात, आणि त्यांच्या हातून होते ते साधारण सारखेच. वळणात शिरल्यावर वेग जास्त आहे हे कळते, घाबरून ब्रेक गच्च दाबला जातो, आणि नजर समोरच्या कठड्यावर खिळते. मोटारसायकल नजरेच्या मागे जाते. कठड्याकडे पाहिले तर कठड्याकडेच जाईल. ही भुताटकी नाही. डोळे जिकडे तिकडे मान, मान तिकडे खांदे, खांदे तिकडे हात. म्हणून चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून हनुवटीवर लक्ष ठेवतो. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे, जिथून बाहेर पडायचे तिकडे. वेग मात्र वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा, गिअर आधीच उतरवायचा, आणि वळणात हलकी, एकसारखी रेस ठेवायची.

वळण घेण्याच्या क्रियेबद्दलही एक गंमत आहे. सायकल काय, मोटारसायकल काय, बऱ्यापैकी वेगात असताना उजवीकडे वळायचे असेल तर हँडलचा उजवा हात हलकेच पुढे ढकलावा लागतो. म्हणजे क्षणभर चाक डावीकडे जाते, गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. आपण सगळे नकळत हेच करतो, विचारले तर उलटे सांगतो. विमान उडवणारे राइट बंधू मुळात सायकलवाले. त्यांच्यापैकी विल्बर राइट यांनी कित्येक सायकलस्वारांना हा प्रश्न विचारला होता, आणि बहुतेक सगळ्यांनी चुकीचे उत्तर दिले. नकळत जमते तर कळून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. उपयोग असा की अचानक खड्डा आला, कुत्रे आले, तर गाडी पटकन बाजूला काढायला हाच ढकला लागतो. ज्याला तो माहीत नाही तो घाबरून हँडल आवळून धरतो आणि गाडी सरळच जाते. मैदानावर दोन शंकू ठेवून, प्रशिक्षकाने ऐनवेळी डावा-उजवा हात दाखवायचा आणि मुलाने तिकडून निघायचे, असा सराव करून घेतात. आधी कमी वेगात, मग थोडा वाढवून.

घाटात आपली बाजू सोडायची नाही, हे सगळे सांगतात. पण उजव्या वळणावर एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गाडी मध्यरेषेला चिकटून असेल तर चाके आपल्या बाजूला असतात, पण झुकल्यामुळे डोके आणि खांदा समोरच्याच्या बाजूला गेलेला असतो. समोरून एस.टी. आली तर? म्हणून उजव्या वळणावर आपल्या बाजूच्या डाव्या भागात राहावे, तिथून वळणापलीकडचे दिसतेही जास्त. फार डावीकडेही नाही, कारण आपल्याकडे डांबराच्या कडेला खडी, चिखल नाहीतर गटार असते. डाव्या आंधळ्या वळणावर पुस्तके मध्यरेषेजवळ जा म्हणतात. आमचे मत असे की आपल्या घाटांत ट्रक वळण तोडून येतात, तेव्हा आपल्या बाजूच्या मधोमध राहिलेले बरे.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून दिसतात. वाचले तर चमचाभर पेट्रोल वाचते. इंजिन गिअरमध्ये असताना गाडी आपोआप धरून ठेवते, ते गेले की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड कमी होते. जो गिअर चढताना लागला तोच उतरताना ठेवावा, ट्रकवाल्यांचा हा जुना नियम दुचाकीलाही लागू आहे.

पहिल्या पावसाचा रस्ता सगळ्यात वाईट. महिनोन्महिने पडलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. दोन-तीन जोराच्या सरी पडून रस्ता धुतला गेला की थोडे बरे होते. पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्याची लोखंडी पट्टी, रेल्वेचे रूळ, ओले शेण, जांभ्याचा लाल चिखल, यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. रूळ शक्य तेवढा काटकोनात ओलांडावा. टायरच्या खाचांमध्ये झिजेची खूण असते, नक्षी तिच्यापर्यंत उतरली की टायर बदलायचा. टायर पुढच्या पगारावर ढकलण्याची सवय आपल्या घरांत फार आहे.

चौकातला धोका वेगळा. हर्ट यांच्या अहवालातही, मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरीत दुसऱ्याने मोटारसायकलची वाट अडवली, असेच जास्त वेळा आढळले होते. चारचाकीवाला उजवीकडे वळतो, समोरची दुचाकी त्याला दिसतच नाही, किंवा दिसते पण किती जवळ आली हे कळत नाही. अरुंद वस्तू लांब वाटते. म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो, तो बंद करण्याचे बटणच नाही. तरीही वाटेत दहा जण हाताची बोटे उघडझाप करून "लाइट चालू आहे" असे प्रेमाने सांगतात! चूक त्याची हे खरे, पण हाडे आपली मोडतात. चौकात वेग उतरवून, दोन बोटे पुढच्या ब्रेकवर तयार ठेवून जावे, आणि समोरच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. ड्रायव्हरच्या मनात काय आहे ते चाक आधी सांगते.

कोर्समध्ये हे सगळे कसे शिकवतात, याची त्या भगिनींना कल्पना असावी. पहिला बराच वेळ अगदी हळू चालवण्यात जातो. तरुण मुलांना हे कंटाळवाणे वाटते. चालण्याच्या वेगात, क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक हलका दाबून, शंकूंच्या मधून गाडी काढायची, पाय न टेकता पूर्ण वळवायची. मग ब्रेक, मग बाजूला काढणे, मग वळणे. प्रत्येक गोष्ट पंधरा-वीस वेळा. लहानपणी तख्तीवर अलिफची मश्क केली असेल त्यांना हे नवीन नाही. मौलवीसाहेब एक अलिफ बघून सोडत नसत, पाटी भरेपर्यंत लिहायला लावत. हाताला वळण लागते ते मश्कने, समजण्याने नाही.

पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, वाहनचालकांच्या प्रशिक्षणाचे तिचे काम जुने आहे. काही कंपन्यांनी शहरांत वाहतूक प्रशिक्षण उद्याने चालवली आहेत. दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या ट्रॅकवरच्या शाळा आहेत. कीथ कोड या अमेरिकन उस्तादाने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढले, त्यांचे वर्ग चेन्नईजवळच्या ट्रॅकवरही भरले आहेत. ते शिक्षण उत्तम असते, पण महागडे, आणि कराड-चिपळूणच्या मुलाला आधी रस्त्याचे शिक्षण हवे. ट्रॅकवर ना म्हैस असते, ना वाळू, ना उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. नॉर्वेमध्ये १९७९ पासून चारचाकी शिकणाऱ्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले होते. नंतर तपासले तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले निघाले. गाडी सावरायला येते म्हटल्यावर मुले जास्त वेगाने जाऊ लागली. कोर्स करून आलेला मुलगा पूर्वीपेक्षा दहा मिनिटे लवकर चिपळूणला पोहोचू लागला, तर समजावे की पैसे वाया गेले. फी भरण्याआधी फोन करून विचारावे, एका प्रशिक्षकामागे किती मुले, अचानक ब्रेकचा सराव होतो का, स्वतःच्याच गाडीवर शिकवतात का, आणि धोका आधीच ओळखायला शिकवतात की नुसती गाडी झुकवायला. झुकवण्याचे फोटो ज्यांच्या जाहिरातीत जास्त, त्यांच्याबद्दल आम्हाला शंका येते.

आणि ज्यांचा मुलगा अठराचा झालेला नाही त्यांनी कोर्सचा नव्हे, चावीचा विचार करावा. अठराच्या आत गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. दहावीचा निकाल लागला की गाडी बक्षीस देण्याची चढाओढ आम्ही शाळेत दर वर्षी पाहतो. आम्हाला ती अजिबात आवडत नाही.

हेल्मेटवर पानेच्या पाने लिहिता येतील, पण सरकारी आकडेच पुरेसे आहेत. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट नव्हते अशी ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेली १४,३३७. मागे बसलेली म्हणजे कोण, हे सांगायला नको. अम्मी, बहीण, बायको, मित्र. आयएसआय खूण असलेले, हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट दोन घ्यावेत, एक नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी उडून जाते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

मागे बसणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी. बुरख्याचा घेर, ओढणी, साडीचा पदर चाकात किंवा चेनमध्ये जाऊन गळ्याला फास बसल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला असावीच लागते. मुले गाडी "स्टायलिश" करण्यासाठी तीच आधी काढून फेकतात. घरातल्या गाडीची जाळी आजच बघून घ्या. दुसरे, बसण्याआधी ओढणीची दोन्ही टोके पुढे घेऊन बांधावीत, बुरख्याचा घेर मांडीखाली दाबावा. एका बाजूला बसल्यावर गाडीचा तोल त्या बाजूला जातो, म्हणून चालवणाऱ्याने अम्मीला मागे बसवून मोकळ्या जागेत थोडा ब्रेकचा सराव करावा. एकट्याने थांबणारी गाडी दोघांना घेऊन तितक्या अंतरात थांबत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाला जोडणारा सुरक्षा पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर बसवलेले बाळ कितीही गोड दिसले तरी अचानक ब्रेक लागला की ते आपल्या आणि हँडलच्या मध्ये चिरडले जाते.

ज्यांना कोर्सची फी परवडत नाही त्यांनी एवढे तरी करावे. रविवारी सकाळी फज्रनंतर मैदान मोकळे असते, खडी नसलेला कोरडा, कडक भाग बघावा. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट. चुन्याची एक रेघ मारून तिथूनच ब्रेक सुरू करायचा, ताशी २० ने दहा वेळा, मग ३० ने दहा वेळा. थांबलेल्या जागेवर दगड ठेवायचा. लिव्हर हळूहळू दाबत न्यायचा हे हाताला कळू लागले की दगड रेघेच्या जवळ येत जातात. सोबत कोणी मोठे माणूस उभे असावे, मुलांना आणि कुत्र्यांना बाजूला ठेवायला. महिन्यातून एकदा केले तरी पुरे, पण नवीन टायर टाकल्यावर आणि पावसाळा सुरू होण्याआधी जरूर करावे.

ज्या घरांतील मुला-मुलींनी असा कोर्स केला आहे त्यांनी काय शिकवले आणि किती खर्च आला ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवावे. स्कूटर शिकू इच्छिणाऱ्या चार भगिनींची पत्रे आमच्याकडे आली आहेत, त्यांच्या प्रश्नांबद्दल पुढील अंकात लिहू.